दूध डेअरीच्या ॲपसाठी पर्सोना केलेत, पण डेव्हलपर विचारतोय 'मग मी काय करू?'

कोयनाकाठ

मंडळी, जाणकारांचं मार्गदर्शन हवंय.

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ॲप करतोय. केंद्रावरचं फॅट मशीन, वजनकाटा आणि संगणक आधीच जोडलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळची नोंद (लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, दर, रक्कम) आपोआप मिळते. पहिल्या आवृत्तीत ती नोंद उत्पादकाच्या मोबाईलवर दाखवायची, दहा दिवसांचं बिल दाखवायचं, पेंडीची आणि उचलीची कपात दाखवायची, एवढंच. टीममध्ये दोन डेव्हलपर आणि एक डिझायनर, म्हणजे मी. हातात तीन आठवडे आहेत.

'आधी पर्सोना करा', म्हणजे ॲप वापरणाऱ्यांची नमुन्याची व्यक्तिचित्रं लिहा, असं वरून आलं. नेटवरचा साचा घेऊन चार केले. त्यातला एक:

रमेश, वय ४२, शिक्षण बारावी. चार म्हशी, दोन एकर बागायत. आवड: कुस्ती, क्रिकेट. ध्येय: उत्पन्न वाढवणे. अडचण: वेळेवर माहिती मिळत नाही. तंत्रज्ञानाची जाण: ५ पैकी ३. ब्रीदवाक्य: 'व्यवहार पारदर्शक हवा!'

बाकीचे तीन म्हणजे एक तरुण, एक आजोबा आणि एक महिला. डेव्हलपरने शांतपणे विचारलं, "रमेशला कुस्ती आवडते, मग मी काय करू?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न असे: किती लोकांशी बोलावं? पाच पुरतात असं वाचलंय, ते खरं का? काय विचारावं? पर्सोना किती असावेत? आणि केंद्राच्या सचिवाचा पर्सोना करायचा का?

रेघोट्या

आधी त्या डेव्हलपरला चहा पाजा. पर्सोना तपासायची कसोटी त्याने एका वाक्यात सांगितली आहे. प्रत्येक ओळीपुढे 'म्हणून पडद्यावर काय बदलेल?' असं लिहून बघा. उत्तर येत नसेल तर ती ओळ खोडा.

रमेशवर ही कसोटी लावू. वय ४२ ने काही बदलत नाही. कुस्ती, क्रिकेट उडाले. 'उत्पन्न वाढवणे' हे ध्येय तर तालुक्यातल्या प्रत्येकाचं आहे, म्हणजे ते कुणाचंच वर्णन नाही. 'तंत्रज्ञानाची जाण ३' सर्वात फसवी ओळ, कारण आकडा दिसला की मोजल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा 'व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवतो, टाइप करत नाही. ओटीपी आला की मुलाकडे फोन देतो' असं लिहा. मग डेव्हलपरला काम मिळतं. ब्रीदवाक्य तुम्ही लिहिलंय, रमेशने नाही, तेही जाऊ द्या. उरल्या चार म्हशी. तेवढी ओळ कामाची आहे, पण तुम्ही योजलेल्या कारणासाठी नाही, तर दूध कशाचं आणि किती ते कळतं म्हणून.

मूळ गडबड वेगळीच आहे. तुम्ही एक कोड नंबर (केंद्रावरच्या खात्याचा क्रमांक) म्हणजे एक माणूस असं धरलंय. डेअरीत तसं नसतं. खातं सासऱ्यांच्या नावावर, धार काढते आणि दूध घालते सून, रजिस्टर केलेला मोबाईल नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा आणि पैसे जमा होतात सासऱ्यांच्या बँक खात्यात. ॲप नेमकं कोण उघडणार? 'तरुण, आजोबा, महिला' ही वाटणी जनगणनेची झाली. तुम्हाला एकाच कोडभोवतीच्या भूमिका हव्यात: दूध घालणारा, हिशेब बघणारा, पैसे खर्चणारा. कधी तिन्ही एकच माणूस असतो, बऱ्याचदा नसतो.

आता तुमचे पाच जण. तो आकडा उपयोगिता चाचणीचा आहे. वापरसुलभतेचा अभ्यासक जेकब नील्सन याने सांगितलेला तो हिशेब तयार पडद्यावरच्या चुका शोधण्यासाठी आहे, लोकांच्या सवयींचे प्रकार शोधण्यासाठी नाही. तुमच्या कामाला १२ ते १५ घरं धरा, शिवाय केंद्रावरची ३-४ माणसं. घरं निवडताना मिश्रण ठेवा:

- रोज ५ लिटरच्या आतली, १० ते ३० लिटरची आणि ५० च्या वरची, प्रत्येकी किमान तीन
- गाय आणि म्हैस दोन्ही, कारण दर वेगळे असतात (गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ आधार धरतात, म्हशीला ६ आणि ९)
- दूध घालणारी व्यक्ती आणि फोनवाली व्यक्ती वेगळी असलेली किमान पाच घरं
- मागच्या वर्षभरात डेअरी बदललेली एक-दोन

शेवटच्या दोन प्रकारांत सगळ्यात जास्त सापडतं. सलग तीन मुलाखतींत नवं काहीच निघालं नाही की थांबा. बारा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

ताकमेतकूट

रेघोट्यांनी 'कोणाशी बोलायचं' ते सांगितलं, मी 'कुठे, कधी, काय' यावर लिहिते.

मुलाखत केंद्रावर घेऊ नका. सकाळी सहा-साडेसहाला रांग असते, किटल्या ठेवून माणसं घाईत असतात, शाळेचे डबे व्हायचे असतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सचिव समोर बसलेला असताना "फॅट बरोबर लागतं का?" या प्रश्नाला गावात एकच उत्तर मिळतं, "लागतंय की." तेच घरी गोठ्यापाशी विचारलंत तर अर्धा तास कमी पडेल. मात्र रांग नुसती बघायला एक सकाळ आणि एक संध्याकाळ नक्की जा. वही खिशात ठेवा आणि पावती हातात आल्यावर माणूस तिचं पहिलं काय करतो ते बघा. कोण वाचतो, कोण न बघता खिशात कोंबतो, कोण तिथंच शेजाऱ्याच्या पावतीशी ताडून बघतो. तुमचे पर्सोना अर्धेअधिक तिथंच उभे असतात.

घरच्या मुलाखतीला दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, बाजारचा दिवस सोडून. एका घराला ३० ते ४० मिनिटं, दिवसाला चारच्या वर घरं नकोत. पाचव्या घरी तुम्ही ऐकत नाही, फक्त मान डोलावता. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. त्याच रात्री टिपणं पक्की करायची.

"असं ॲप आलं तर वापराल का?" हा प्रश्न विचारूच नका. पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. घडलेलं विचारा आणि वस्तू दाखवायला सांगा:

"काकू, मागचं बिल कुठं ठेवलंय? दाखवता का?" काही घरी खिळ्याला टोचलेल्या पावत्यांची चळत निघेल, काही घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे लिटर लिहिलेले असतात, काही घरी काहीच नसतं. हे तीन वेगळे वापरकर्ते आहेत.

"मागे फॅट कमी लागलं तेव्हा काय केलंत?" सचिवाला विचारलं, पेंड बदलली, दुसऱ्या डेअरीला नमुना नेला की गप्प बसलात? त्या दिवशी काय काय झालं ते क्रमाने विचारा.

"या बिलातली ही कपात कशाची?" बोट ठेवून विचारा. ज्याला सांगता येत नाही तो कुणाला विचारतो, ते लिहून घ्या.

"शेवटचा ओटीपी आला होता तो कुणी टाकला?"

फोन हातात घ्यायची परवानगी मिळाली तर मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, शिल्लक जागा आणि अक्षरांचा आकार या चार गोष्टी टिपा. अक्षरं मोठी केलेला फोन पुष्कळ सापडेल, आणि तुमचा बिलाचा सहा रकान्यांचा तक्ता तिथंच मोडेल.

घरात पुरुष असेल तर तोच बोलतो, धार काढणारी बाई चौकटीत उभी राहते. जमल्यास टीममधली एखादी बाई सोबत न्या आणि पावतीचे प्रश्न थेट तिला विचारा. ती आठवड्याचं फॅट तोंडपाठ सांगेल.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा, कशासाठी ते मराठीत सांगा, काम झालं की पुसा. पर्सोनाच्या कागदावर खरं नाव, कोड नंबर, घराचा फोटो काही येता कामा नये. गाव लहान असतं, 'चार म्हशी आणि पुण्यातला मुलगा' एवढ्यावरही घर ओळखू येतं.

तिरपागडं

इतका खटाटोप कशाला? पर्सोना म्हणजे शेवटी भिंतीवरचं चित्र. कामं लिहा आणि मोकळे व्हा: 'बिल आल्यावर कपात समजून घ्यायची आहे', 'आजचं फॅट बघायचं आहे'. माणूस कुणी का असेना, काम तेच. तीन आठवड्यांतला एक आठवडा गावं फिरण्यात गेला तर कोड कधी लिहिणार?

रेघोट्या

तिरपागडं, निम्मं मान्य. बँकेच्या एटीएमसारखी गोष्ट असती तर मीही कामांची यादीच केली असती. पण इथं तेच काम कोण करतो यावर पडदा बदलतो. 'आजचं फॅट बघणे' घ्या. दूध घालणारीच्या हातात पावती आधीच आहे, तिला ॲपमधला आकडा पावतीशी जुळतो का एवढंच बघायचंय. पुण्यातल्या मुलाच्या हातात पावती नाही, त्याला आजच्या आकड्यापेक्षा घसरण कळायला हवी. कामाचं नाव एक असलं तरी पडदे दोन होतात.

आणि आठवडा जात नाही हो. चार घरं रोज म्हटली तर बारा घरं तीन दिवसांत होतात, संकलन बघणं त्याच दिवसांच्या सकाळ-संध्याकाळी. पुढचे दोन दिवस मांडणीला. तोवर डेव्हलपरने मशीनकडून येणारी नोंद साठवायचं काम करावं, त्याला पर्सोना लागत नाही.

खडूफळा

मांडणी कशी करायची हे कुणी लिहिलं नाही, ते सांगतो. बहुतेक पर्सोना इथंच बिघडतात. मुलाखती चांगल्या होतात आणि मग डिझायनर आवडलेल्या दोन माणसांचं मिश्रण करून 'रमेश' लिहून मोकळा होतो.

पद्धत जुनी आहे. सॉफ्टवेअर डिझायनर अ‍ॅलन कूपरने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती रुळवली: माणसं नाही, वागणुकीच्या रेषा आधी. एका मोठ्या कागदावर आडव्या रेषा ओढा, प्रत्येक रेषेची दोन टोकं ठरवा. तुमच्यासाठी मी या धरेन:

पावती: फेकतो ↔ जपून ताडतो
हिशेब: रोज ↔ बिलाच्या दिवशीच
फॅट कमी लागल्यावर: गप्प ↔ जाऊन विचारतो
फोन: स्वतः चालवतो ↔ दुसऱ्याकडून बघून घेतो
कपात: तोंडपाठ ↔ माहीतच नाही
दूध: घरचं भागवून उरलेलं ↔ मुख्य धंदा

आठ-दहा रेषा पुरे. आता प्रत्येक घराला नाही, प्रत्येक माणसाला आकडा द्या (१ ते २०-२२ होतील) आणि प्रत्येक रेषेवर तो कुठे बसतो तिथे आकडा लिहा. मग बघा, कोणते आकडे चार-पाच रेषांवर एकमेकांच्या शेजारी येतात. ३, ७, ११ आणि १४ सतत जोडीने दिसले तर तो एक पर्सोना. एकाच रेषेवर जवळ आले तर तो योगायोग. ज्या रेषेवर सगळे एकाच टोकाला गोळा झाले ती पर्सोनातून काढा आणि ॲपचा सर्वसाधारण नियम करून टाका. उदाहरणार्थ सगळेच जण 'मराठी वाचतो, पण लांब वाक्य वाचत नाही' या टोकाला आले, तर ते कुणा एकाचं वैशिष्ट्य राहत नाही.

नमुन्यादाखल तुमच्याकडे काय निघू शकेल (खरं तुमच्या कागदावरून ठरवा, हे उतरवू नका):

पावती ताडणारी. दोन्ही वेळा दूध घालते, पावत्या जपते, फोन घरात एकच. तिच्यासाठी आजची नोंद पहिल्याच पडद्यावर, पावतीच्या क्रमाने: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. अंकही पावतीवर छापतात तेच ठेवा. मशीन आणि पावती इंग्रजी अंक दाखवत असताना तुम्ही हौसेने देवनागरी केलेत तर तिचं ताडणं अवघड होतं, कारण ती आकड्याचा आकार जुळवते.

लांबून हिशेब बघणारा. महिन्यातून तीनदा ॲप उघडतो, बिल निघालं की. त्याला कपातीची फोड हवी आणि ती चित्र करून घरच्या व्हॉट्सॲपवर टाकता यायला हवी. आई-वडील आणि काका असे दोन-तीन कोड एकाच फोनवर.

दूध वाढवणारा. दहाच्या वर जनावरं, धार काढायचं मशीन, खाद्याचा हिशेब. त्याला प्रत्येक गाईचं फॅट हवं असतं. पण केंद्रावर कोडनिहाय एकत्र दुधाचीच नोंद होते, जनावरनिहाय नाही. म्हणजे त्याला हवं ते तुमच्या माहितीतून निघूच शकत नाही. मीटिंगमध्ये सर्वात मोठा आवाज याच्या मागण्यांचा असतो, म्हणून पहिल्या आवृत्तीसाठी तो दुय्यम असं कागदावर ठळक लिहा.

सचिवाबद्दल: तो हे ॲप वापरणार नाही, पण प्रत्येक तक्रार त्याच्या टेबलावर येणार. त्याचा अर्धा पानाचा का होईना पर्सोना करा. गर्दीत कोड चुकीचा दाबला जातो, १२७ च्या जागी १७२. दूध दुसऱ्याच्या नावे पडतं आणि तो ते संध्याकाळी दुरुस्त करतो. मधल्या वेळात ॲपमध्ये शून्य दिसलं की घरात भांडण. त्यामुळे 'नोंद दुरुस्त झाली' अशी खूण आणि आधीचा आकडा दिसायलाच हवा.

शिवाय एक उलटा पर्सोना ठेवा, ज्याच्यासाठी ॲप *नाही*: शेजाऱ्याचं फॅट बघणारा. केंद्रावर कोड नंबर मोठ्याने पुकारला जातो, गावात सगळ्यांचे कोड सगळ्यांना पाठ असतात. नुसत्या कोडवर लॉगिन ठेवलंत तर पहिल्याच आठवड्यात चावडीवर चर्चा.

ताकमेतकूट

खडूफळा, उलट्या पर्सोनाला टाळ्या.

एक भर. 'फॅट कमी लागल्यावर काय करतो' ही रेषा या ॲपचा कणा आहे, म्हणून दुधाचं थोडं शास्त्र डिझायनरला माहीत हवं. सकाळच्या धारेआधी मधलं अंतर जास्त असतं, त्यामुळे दूध जास्त आणि फॅट सहसा कमी. संध्याकाळी उलट. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी आणि शेवटी जास्त, त्यामुळे रेडकाला शेवटची धार पाजली की केंद्रावर फॅट घटलेलं दिसतं. आता तुम्ही सकाळ-संध्याकाळ एकाच आलेखात काढलंत तर करवतीचे दात दिसतील, आणि संशय घेणाऱ्या माणसाला तो मशीनचा घोटाळा वाटेल. दोन रेषा वेगळ्या काढा. सकाळची तुलना कालच्या सकाळशी.

दुसरं, बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं निघत असेल तर तिसरं बिल कधी ११ दिवसांचं, फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचं. 'मागचे १० दिवस' असं बटण बहुतेक दिवशी कुठल्याच बिलाशी जुळणार नाही.

कोयनाकाठ

सगळ्यांचे आभार. चारही पर्सोना फाडले. मुलाखतींना निघण्याआधी नव्या कार्डाचा साचा केलाय, बघून सांगा. अजून रिकामाच आहे, कंसात काय भरायचं ते लिहिलंय:

नाव (भूमिकेवरून) / कोडशी नातं (घालतो, बघतो, खर्चतो) / दूध कोणत्या वेळी, किती, कशाचं / पावतीचं काय करतो / फोन कुणाचा, ओटीपी कोण टाकतो / शेवटचा वाद: काय झालं, कुणाकडे गेला / त्याच्या तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं / म्हणून पडद्यावर काय / कोणत्या मुलाखतींवरून (फक्त आकडे)

फोटोचं काय करू? साहेबांना फोटो हवाच आहे. नेटवरचा हसरा शेतकरी चालेल?

रेघोट्या

साचा चांगलाय. 'म्हणून पडद्यावर काय' हा रकाना सर्वात मोठा ठेवा आणि कार्ड अर्ध्या पानात बसवा.

हसरा शेतकरी नको. तो फेटा बघून सगळी टीम परत आपापल्या मनातल्या रमेशकडे जाते. फोटोच्या जागी वस्तू टाका: खिळ्याला टोचलेल्या पावत्या, कॅलेंडरवरचे लिटर, तडा गेलेला मोबाईल. नाव आणि कोड झाकून, घरच्यांना विचारून.

साच्यात तारीख राहिली. कार्डावर महिना लिहा. आता उन्हाळा आहे, कृश काळ, जनावरं भाकड आहेत आणि दूध कमी. आज '५ लिटरच्या आत' बसणारी घरं दिवाळीनंतर पुष्टकाळात दुप्पट दूध घालत असतील, तेव्हा रांगही लांब आणि सचिवाच्या चुकाही जास्त. डिसेंबरमध्ये त्यातल्या चार-पाच घरी पुन्हा जा.

कोयनाकाठ

तारीख टाकली. सोमवारपासून घरं सुरू. सचिवांना सांगितलं की आधी दोन दिवस नुसतं रांगेत उभं राहून बघणार आहोत, तर म्हणाले किटली घेऊन या, मोकळ्या हाताने उभं राहिलात तर लोकांना वाटेल तपासणीवाले आलेत.

खडूफळा

बरोबर बोलले ते. आणि किटली रिकामी नेऊ नका, निदान लिटरभर दूध घाला. तात्पुरता कोड काढून मागा, मग मशीन ते पावती ते तुमचा डेटाबेस असा एक पूर्ण फेरा तुमच्याच नावावर तपासता येईल. फक्त त्या कोडची नोंद बिलात धरू नका म्हणून सचिवांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दहा दिवसांनी बेरीज जुळणार नाही.